मोठा बॉक्सर अनेक वर्षांनी परततो तेव्हा त्याच्याकडून जुन्या खेळाची अपेक्षा धरावी का?

माजी जगज्जेता माइक टायसन विरुद्ध यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल ही लढत बघून तुम्ही निराश झालात आणि हे विचारलंत. मीही ती लढत पाहिली. 16 नोव्हेंबर 2024, शनिवारची सकाळ. सोलापुरात आमच्या तालमीत सात-आठ जण एका मोबाईलभोवती दाटीवाटीनं बसलो होतो. चित्र मधूनच अडकायचं. पहिल्या राऊंडला टायसन पुढं घुसला तशी पोरं ओरडली. तिसऱ्या राऊंडपासून मात्र मी त्याच्या हातांकडं बघणं सोडून दिलं. पाय जागचे हलत नव्हते.

ठोसा पायातून निघतो. टाच फिरते, कंबर वळते, खांदा येतो, मूठ सगळ्यात शेवटी. पायच साथ देईनात, तर उरतो नुसता हात. गुडघ्याच्या दुखण्यानं मी दोन वर्षं तालमीबाहेर होतो. परत मातीत उतरलो तेव्हा पट कधी काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून कधी खेचायचा, ते डोळ्यांना आधीसारखंच दिसायचं. मी वाकून हात घालेपर्यंत समोरच्याचा पाय तिथून गेलेला असायचा. मी तेव्हा तिशीतही नव्हतो. टायसन 58 वर्षांचा होता, त्याच वर्षी अल्सरमुळं लढत पुढं ढकलावी लागली होती, आणि समोर 27 वर्षांचा गडी. दोन-दोन मिनिटांचे आठही राऊंड तो उभा राहिला, याचं मला मोल वाटतं.

तेव्हा अपेक्षा धरा, पण पहिल्या लढतीवरून काही ठरवू नका. तिथं समोरचा गडी बहुतेक वेळा बघूनच निवडलेला असतो. तुरुंगातून सुटल्यावर 1995 मध्ये टायसनची मॅकनीलीशी लढत 89 सेकंदांत आटोपली. त्यावरून काय कळणार? मुहम्मद अलीचंच बघा. सैन्यात जायला नकार दिला म्हणून 1967 मध्ये त्याचा जगज्जेतेपदाचा किताब गेला, साडेतीन वर्षं खेळ बंद. 26 ऑक्टोबर 1970 ला अटलांटात समोरच्या जेरी क्वॅरीची भुवई फुटली आणि तीन राऊंडमध्ये काम झालं. खरी परीक्षा झाली 8 मार्च 1971 ला, तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझर याच्यासमोर. पंधराव्या राऊंडला डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, अली आडवा झाला. लगेच उठला, पण गुणांवर हरला.

शुगर रे लेनर्ड हा बॉक्सर याला अपवाद. जवळपास तीन वर्षांनी, 1987 मध्ये येऊन त्यानं थेट तेव्हाचा जगज्जेता मार्विन हॅगलर याला हरवलं, तेही दोन विरुद्ध एक पंचांच्या निकालानं. त्यावर अजून वाद घालतात. पण त्यानं लढत पंधराऐवजी बारा राऊंडची ठरवून घेतली होती, हे विसरू नका. आपल्या पायांत किती दम आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

अली-फ्रेझरची पूर्ण लढत बघायला मिळाली तर आवाज बंद करा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अलीचे पाय बघा.