कोड टूल लिहितंय, मग मी काय करू?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं ऐरोली, घणसोली, महापे आणि वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत काम करणाऱ्यांची आहेत आणि सगळ्यांच्या पोटात एकच गोळा आलाय, कोड आता एआय टूल लिहायला लागलंय, मग आपल्या नोकरीचं काय, म्हणून आज दुसरा विषय घेत नाही. मी स्वतः २४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, ठाण्यातच राहते, त्यामुळे ही भीती मला ऐकीव नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. वय ३८, जावामध्ये १४ वर्षं झाली, ऑफिस ऐरोलीला, क्लायंट बँकिंगचा. मार्चपासून टीममध्ये एआय असिस्टंट वापरणं कंपल्सरी केलंय. मला जे काम करायला चार दिवस लागायचे ते दोन वर्षं एक्सपिरियन्सचा मुलगा दीड दिवसात देतो. घराचे हप्ते अजून ११ वर्षं आहेत, रात्री झोप लागत नाही. मशीन लर्निंगचा कोर्स लावू का? (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : आधी कोर्सचं सांगते, घाईत दीड-दोन लाख भरू नका. मशीन लर्निंग म्हणजे एआयची मॉडेल बनवणं, ते वेगळंच काम आहे, त्याला गणित आणि स्टॅटिस्टिक्सचा पाया लागतो, आणि तिथे तुमची १४ वर्षं फारशी मोजली जाणार नाहीत, तुम्ही पुन्हा फ्रेशरच्या रांगेत उभे राहाल. तुमच्यापुढचं काम आहे मॉडेलने दिलेला कोड बरोबर आहे का ते ठरवणं, आणि त्यासाठी जे लागतं ते तुमच्याकडे आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षी झालेली गोष्ट सांगते. कर्जाच्या एका मॉड्यूलमधला व्याजाचा हिशोब टूलकडून लिहून घेतला, तो तपासणाऱ्या टेस्टही त्याच टूलकडून, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, रिव्ह्यूला आलं तेव्हा कोड इतका नीटनेटका दिसत होता की दोघांनी वरवर बघून पास केलं. टेस्टिंगच्या सर्व्हरवर दिवसाअखेरचा हिशोब टॅली होईना, कुठे एक पैसा कमी, कुठे जास्त. टीममधल्या सिनियर बाईंनी पाच मिनिटांत बोट ठेवलं, रक्कम डबल नावाच्या प्रकारात ठेवली होती, ज्यात दशांशाचे आकडे जवळपास साठवले जातात, नेमके नाही. पैशाचा हिशोब जावात डबलमध्ये नाही, दशांश नेमके ठेवणाऱ्या बिगडेसिमलमध्ये करायचा असतो, कारण ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण मावत नाही, डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर दशांशानंतर सतराव्या घरात ४ उगवतो, आणि असे लाखो व्यवहार एकावर एक चढले, मध्ये राउंडिंग आलं, की पैसा हलतो. हे टूलला माहीत नसतं का? असतं, विचारलं तर छान समजावूनही सांगतं. पण आम्ही विचारलंच नव्हतं. त्या बाईंना ते विचारायचं सुचलं कारण अशाच एका बगपायी त्यांनी पूर्वी तीन रात्री ऑफिसात काढल्या होत्या.

त्यातली दुसरी चूक मला जास्त मोठी वाटते. टूलने टेस्टमधली अपेक्षित उत्तरं आधी लिहिलेल्या कोडवरूनच घेतली होती, म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच. तेव्हापासून आमच्याकडे टूलला कोड मागायच्या आधी माणूस केसेस, म्हणजे तपासायचे प्रसंग, लिहितो, साध्या भाषेत, आणि उत्तरं एक्सेलमध्ये हाताने काढतो : २९ फेब्रुवारीला दिलेलं कर्ज, रविवारी आलेला हप्ता, मध्येच केलेलं पार्ट पेमेंट, महिन्याच्या मध्यात बदललेला व्याजदर. या केसेस तुम्हाला झोपेतही आठवतील, त्या मुलाला नाही आठवणार. ही तुमची कमाई आहे हो, आणि ती तुम्ही आत्तापर्यंत कुठेच लिहून ठेवलेली नाहीये, ती लिहून काढा.

बाकी रोजच्या सवयी : काम लहान तुकड्यांत मागा, एका वेळी दोनशे ओळी वाचून होतात, दोन हजार होत नाहीत. प्रत्येक तुकड्याआधी कमिट करा, म्हणजे तोवरचा कोड नोंदवून ठेवा, म्हणजे मागे येता येतं. आणि जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती मर्ज करू नका, टीमच्या मुख्य कोडमध्ये मिसळू नका, मॅनेजर कितीही घाई करू दे.

स्पीडबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. मेटर नावाच्या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय टूल वापरून, काही न वापरता. टूल वापरलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि ते स्वतः मात्र समजत होते की आपण २० टक्के भराभर काम केलं. आता याचा अर्थ टूल कुचकामी असा काढू नका, ती मंडळी आपल्या कोडमध्ये मुरलेली होती आणि टूल तेव्हापासून खूप पुढे गेलीत. पण वेग वाटणं आणि वेग असणं यात फरक आहे एवढं त्यातून नक्की कळतं. म्हणून तीन आठवडे वहीत टिपून ठेवा, तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, हातात आल्यापासून ते प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या वापरात, जाऊन शांत बसेपर्यंत किती तास, त्यात परत आलेले बगही धरा. तुमचे चार दिवस आणि त्याचा दीड दिवस यांची तुलना तेव्हाच खरी होईल. वही मॅनेजरला दाखवून त्या मुलाचं नाव खराब करायचं नाही, ती तुमच्यासाठी आहे. उलट त्याच्या शेजारी रोज अर्धा तास बसा, तो टूल कसं चालवतो ते बघा, शिकताना कमीपणा वाटून घेऊ नका, आणि त्याला बँकेचा धंदा शिकवा, त्यालाही ते कुणी शिकवलेलं नाहीये.

फ्रेड ब्रूक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की सॉफ्टवेअरमधलं अवघड काम काय बनवायचं ते ठरवणं, त्याची रचना करणं आणि ती तपासणं हे आहे, ते कोडमध्ये उतरवण्याची मेहनत त्यामानाने कमी. ही मेहनत आता स्वस्त झाली. आपल्याकडे हजारो लोक फक्त त्याच मेहनतीचा पगार घेतात, तिकीट आलं, कोड लिहिला, तिकीट बंद, आणि ही कामं कमी होणार, याबाबत खोटा धीर मी देणार नाही. म्हणून क्लायंटच्या कॉलवर गप्प बसू नका, रिक्वायरमेंटच्या चर्चेत शिरा, हा नियम असा का आहे ते विचारा. आणि सहा महिन्यांचे हप्ते एफडीत बाजूला ठेवा, थोडे थोडे का होईना. झोपेसाठी तो उपाय कुठल्याही कोर्सपेक्षा चांगला आहे.

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचे सगळे प्रोजेक्ट मी चॅटजीपीटीवरून केले, मार्क चांगले आहेत, पण इंटरव्ह्यूत माझ्याच कोडबद्दल विचारलं की ततपप होतं. कोडिंग सोडून दुसरं काही बघू का?

उत्तर : अगं, सोडू नकोस. तुला जमत नाही असं नाहीये, तुझा सराव झालेला नाही, आणि तू ते स्वतःहून कबूल केलंस याचं मला फार बरं वाटलं. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, तुमच्या बॅचचं सगळं कॉलेज त्याच्या सोबतीने गेलंय, दोष तुझ्या एकटीचा नाही.

आता असं कर, तुझा सगळ्यात चांगला प्रोजेक्ट घे आणि टूल बंद ठेवून तो पुन्हा लिही. हळू होईल, रडू येईल, चालेल. अडलीस की आधी अर्धा तास स्वतः झगड, एरर मेसेज शेवटपर्यंत वाच, मग टूलला विचार, आणि तेव्हाही उत्तर मागू नकोस, माझं कुठे चुकतंय एवढंच विचार. सोबत डेटाबेसची भाषा एसक्यूएल, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्किंग पक्कं कर, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं हे कागदावर काढता आलं पाहिजे.

आणि एक खरीखुरी गोष्ट बनव. तुमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब घे, सेक्रेटरी काका एक्सेलमध्ये करत असतील तो. लेट फी कशी लावतात, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे चार्जेस वेगळे असतात का, कुणी अर्धेच पैसे भरले तर पावती कशी फाडायची, हे सगळं तुला काकांसमोर बसून विचारावं लागेल आणि ते दर वेळी नवीन काहीतरी सांगतील. हे बनवताना टूल खुशाल वापर. पण इंटरव्ह्यूत त्यातली कुठलीही ओळ विचारली तरी तुला सांगता येईल, कारण ती का आहे ते तुला माहीत असेल.

प्रश्न : आमच्या ऑफिसात टूल ब्लॉक आहे, मी कोड स्वतःच्या मेलवर पाठवून घरच्या लॅपटॉपवर फ्री अकाउंटमधून काम करून घेतो. चालतं ना? (महापे)

उत्तर : नाही चालत. आजच बंद करा. कोड क्लायंटचा आहे, त्यात पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते, कधी ग्राहकांची माहितीही असते, आणि फ्री अकाउंटमध्ये टाकलेलं मॉडेलच्या ट्रेनिंगला वापरलं जाऊ शकतं. इंजिनिअरनी आतला कोड असाच बाहेर टाकल्यावर सॅमसंगने मे २०२३ मध्ये अशा टूलवर बंदी घातली होती. शिकायचंय तर घरी स्वतःचा प्रोजेक्ट घ्या, आणि ऑफिसात परवानगी असलेलं टूल मिळावं म्हणून लेखी मागणी करा, तीन-चार जण मिळून करा.

प्रश्न : मी कळव्याला राहते, सात वर्षं मॅन्युअल टेस्टर होते, मुलीसाठी पाच वर्षं ब्रेक घेतला. आता परत यायचंय पण सगळे म्हणतात टेस्टिंग एआयने संपवलं.

उत्तर : मला याच्या उलट वाटतं. कोड लिहिणं सोपं झालं म्हणजे कोडचा ढीग वाढला, आणि तो ढीग कुणीतरी संशयाने बघायला पाहिजे. नुसत्या स्टेप्स वाचून टिक करायचं काम मात्र परत मिळणार नाही, ते धरून बसू नका. पोस्टमन नावाच्या टूलवर एपीआय टेस्टिंग, म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण तपासणं, शिका, मग ब्राउझरमधली तपासणी आपोआप करणारं प्लेराइट, त्याच्या स्क्रिप्ट टूलकडून लिहून घ्या आणि वाचून दुरुस्त करा, तीन-चार महिने रोज दीड तास दिलात तर हात बसेल.

सुरुवात मात्र कागद-पेनाने करा. मुलीच्या शाळेची फी ज्या ॲपवर भरता ते घ्या. पैसे कापले आणि तेवढ्यात नेट गेलं तर? दोनदा बटण दाबलं गेलं तर? आईने आणि बाबांनी एकाच वेळी दोन फोनवरून भरली तर? अशा पन्नास केसेस काढा, मग त्याच ॲपबद्दल टूलला केसेस मागा आणि तुमच्या कुठल्या केसेस त्याला सुचल्याच नाहीत ते लाल पेनाने गोल करा. तो कागद मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून लिहीन.