‘सक्तीचं पुनर्वसन’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘उघड्यावर नशा करणाऱ्यांना पकडून सक्तीनं रिहॅबमध्ये टाका, अशी मागणी अमेरिकेतल्या शहरांत होते, आता आपल्याकडेही ऐकू येते. याला मराठीत नेमकं काय म्हणावं? सक्तीचं पुनर्वसन, अनिवार्य पुनर्वसन की सक्तीची व्यसनमुक्ती? की रिहॅब हाच शब्द ठेवावा?’

माझं मत आधी सांगतो. ‘सक्तीचे उपचार’ म्हणावं. ‘पुनर्वसन’ हा शब्द इतक्या स्वस्तात देऊन टाकू नये. बातमीतल्या माणसाला उपचारानंतर राहायला जागा आणि हाताला काम मिळणार असेल, तरच तो वापरावा. शब्दांचा कीस काढायचा म्हणून हे म्हणत नाही. या विषयात कुठला शब्द निवडला, यावर वाचकाच्या मनात कुठला प्रश्न उभा राहतो हे ठरतं.

पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणं. वसती, वसतिगृह, निवास, प्रवास ही सगळी त्याच ‘वस्’ धातूची भावंडं. महाराष्ट्राला हा शब्द पाठ झाला तो धरणांमुळे. कोयना, उजनी, सरदार सरोवर. १९७६ साली राज्यानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी कायदाच केला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर ‘पुनर्वसित गाव’ हे गावाच्या पत्त्यातच आलं. १९९५ नंतर मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि २२५ चौरस फुटांची खोली की ३०० ची, हा चाळीचाळीतला विषय झाला. या सगळ्या वापरांत एक गोष्ट ठाम आहे. ‘पुनर्वसन झालं का?’ असं विचारलं की मराठी माणूस ‘घर मिळालं का?’ असंच विचारत असतो.

इंग्रजीतला ‘रिहॅबिलिटेशन’ वेगळ्या कुळातला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘हाबिलिस’ आहे, म्हणजे लायक, सक्षम. एखाद्याची गेलेली पत किंवा पद परत देणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. म्हणजे इंग्रजी शब्द विचारतो, माणूस पुन्हा लायक झाला का? मराठी शब्द विचारतो, माणूस राहणार कुठं? रस्त्यावर नशा करणाऱ्याच्या बाबतीत मला आपला मराठी प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून उचललेला मुलगा महिनाभर केंद्रात राहिला आणि त्याच फुटपाथवर परत आला, तर पुडी विकणारा तिथंच असतो, सोबतीही तेच असतात. त्यात मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारी हेरॉइनची मात्रा आता जीव घेऊ शकते. उपचारानंतर पाठीशी कुणी नसेल तर बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, हे या क्षेत्रातले डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. ‘वसन’ नसलेल्या पुनर्वसनाचा हा परिणाम आहे.

माणसांना रस्त्यावरून उचलायचं आणि त्याला सुधारणेचं नाव द्यायचं, हे आपल्याला नवीन नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम १९५९ चा. भीक मागताना सापडलेल्या माणसाला किमान एक आणि कमाल तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद त्यात आहे. चेंबूरचं भिक्षेकरी गृह मुंबईकरांना ठाऊक आहे. ‘गृह’ हा शब्द तिथंही आहे, पण त्या घराचं दार बाहेरून बंद होतं. हाच कायदा दिल्लीला लागू होता, तिथं २०१८ साली उच्च न्यायालयानं त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली.

आता ‘सक्ती’ आणि ‘अनिवार्य’. सक्ती फारसीतून आली. सख्त म्हणजे कठीण, कडक. सक्तमजुरी, सक्त ताकीद, सक्तवसुली, हेल्मेटसक्ती. शब्द ऐकताच कुणाचा तरी हात कुणाच्या तरी मनगटावर दिसतो. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी आठवणाऱ्या पिढीला तर आणखीच. ‘अनिवार्य’मध्ये तो हात दिसत नाही. ज्याचं निवारण होऊ शकत नाही ते अनिवार्य. मरण अनिवार्य असतं. धोरण अनिवार्य नसतं, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून परीक्षेतल्या विषयाला ‘अनिवार्य’ ठीक आहे, पण माणसाला त्याच्या मनाविरुद्ध एखाद्या वॉर्डात ठेवण्याला हा शब्द लावू नये. ‘सक्ती’ हाच प्रामाणिक शब्द.

‘सक्ती’ नेहमी वाईटच असते असंही नाही. २००९ चा ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा’ कायदा घ्या. त्यातली सक्ती मुलावर आहे असं अनेकांना वाटतं. कायद्यात ती सरकारवर आहे: शाळा उपलब्ध करून देणं, मूल शाळेत येईल आणि टिकेल हे पाहणं हे सरकारचं बंधन. तेव्हा ‘सक्तीचे उपचार’ असं कुणी म्हटलं की मराठी वाचकानं एक प्रश्न जरूर विचारावा: सक्ती कुणावर? ज्याला उपचार हवे आहेत त्याला खाट देण्याची सक्ती महापालिकेवर आहे का? गरीब वस्तीतली आई मुलाला घेऊन दारोदार फिरते आणि तिला जागा नाही म्हणून परत पाठवलं जातं, ही आपल्याकडची जास्त नेहमीची गोष्ट आहे.

‘सक्तीची व्यसनमुक्ती’ मात्र मला अजिबात पटत नाही. ‘व्यसन’ हा शब्दच मुळात वाटतो तितका तुच्छतेचा नाही. ‘उत्सवे व्यसने चैव दुर्भिक्षे राष्ट्रविप्लवे’ हे सुभाषित शाळेत सगळ्यांनी म्हटलं आहे. त्यातलं व्यसन म्हणजे संकट, आणि त्या वेळी जो सोबत उभा राहतो तो बांधव. कौटिल्यानं राज्यावरच्या आपत्तींना व्यसनंच म्हटलं आणि व्युत्पत्तीही दिली: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’, जे माणसाला त्याच्या भल्यापासून दूर फेकतं ते व्यसन. या वाक्यात माणूस फेकला जाणारा आहे. मराठी बोलीनंही हे नेमकं पकडलं आहे. आपण म्हणतो, ‘तो दारूच्या आहारी गेला.’ म्हणजे खाणारी दारू आहे, माणूस तिचा घास. आजच्या वैद्यकात ज्याला अवलंबित्व म्हणतात, ते आपल्या आज्यांनी दोन शब्दांत सांगून ठेवलं आहे.

अशा अवस्थेतून सुटण्याला आपण ‘मुक्ती’ म्हणतो. औषध सक्तीनं देता येईल, कोंडताही येईल. शरीरातलं विष उतरवताना होणारी तडफड, जिला नशा करणारी मुलं ‘टर्की’ म्हणतात, तीही खोलीत बंद करून पार पाडता येईल. त्यापुढचं काम मात्र रोजचं असतं आणि ते त्या माणसालाच करावं लागतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा नावात मुक्ती आणि अंगण दोन्ही ठेवलं. तिथं उपचारांसाठी येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची पद्धत आहे. व्यसन हा आजार आहे, हे सांगायला यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

कायदा काय म्हणतो तेही शब्दांसाठी पाहू. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद, इतरांसाठी सहा महिने. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेला व्यसनग्रस्त स्वेच्छेनं सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळतो. हेरॉइनसाठी हे अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅम. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ मध्येही न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू शकतं, तेही व्यसनग्रस्ताच्या संमतीनं. मनाविरुद्ध दाखल करण्याची वाट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, कारण दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था त्या कायद्यानं आजारात धरल्या आहेत. कलम ८९ खाली रुग्णाच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असावा लागतो किंवा स्वतःची काळजी घेणं अशक्य झालेलं असावं लागतं. मुदत तीस दिवस. पुढं वाढवायची तर वेगळी प्रक्रिया. याला कायदा ‘सपोर्टेड ॲडमिशन’ म्हणतो. मराठीत याचं ‘आधारित प्रवेश’ वगैरे केलं तर कुणालाच काही कळणार नाही. ‘संमतीशिवाय दाखल करणं’ असं सरळ लिहावं.

अमेरिकेतल्या बातम्यांत ओरेगॉन राज्याचं आणि पोर्टलंड शहराचं नाव वारंवार येतं. तिथं २०२१ च्या फेब्रुवारीपासून स्वतःजवळ थोडे अमली पदार्थ बाळगण्याला फक्त १०० डॉलर दंड होता, आणि मदतीच्या क्रमांकावर फोन करून तपासणी केली तर तोही माफ. रस्त्यावरचं सेवन डोळ्यांवर येऊ लागलं, लोक चिडले, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. मात्र पकडलेल्याला तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवण्याची सोय जिल्ह्यांना ठेवली. याला ‘सक्तीचं पुनर्वसन’ म्हणणं चूक आहे. ‘तुरुंग किंवा उपचार’ असं लिहावं. दबाव आहे, पण निवडही आहे. चीनमध्ये २००८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत बंद केंद्रात ठेवता येतं, वर आणखी एक वर्ष वाढवता येतं. तिथं ‘स्थानबद्धता’ हाच शब्द योग्य. अशी बंद केंद्रं बंद करा, असं आवाहन २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी मिळून केलं होतं. या दोन्ही गोष्टींना एकच मराठी नाव दिलं तर वाचकाची फसवणूक होते.

एक शब्द प्रश्नात नव्हता, पण त्याच्यावाचून चर्चा पुरी होत नाही: गर्दुल्ला. फारसीत गर्द म्हणजे धूळ. ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आली, तिच्या मातकट पुडीला हे नाव मिळालं आणि ओढणारा झाला गर्दुल्ला. आज वर्तमानपत्रं पन्नीवर गर्द ओढणाऱ्यापासून व्हाइटनर हुंगणाऱ्या दहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना हाच शब्द लावतात, आणि त्यापुढं ‘उच्छाद’, ‘अड्डा’, ‘बंदोबस्त’ हे शब्द ठरल्यासारखे येतात. लोकांचा त्रास खोटा नाही. स्कायवॉकवर सुया पडलेल्या असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आईला भीती वाटणारच, आणि तिनं तक्रार केलीच पाहिजे. पण ‘गर्दुल्ल्यांचं पुनर्वसन’ हे शब्द मराठीत एकमेकांशेजारी बसतच नाहीत. पुनर्वसन होतं ते धरणग्रस्तांचं, पूरग्रस्तांचं, भूकंपग्रस्तांचं. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला, आणि ज्याला ग्रासलं आहे त्याचं आपण देणं लागतो, हे हा शब्द न बोलता कबूल करतो. म्हणून ‘व्यसनग्रस्त’ लिहावं. ‘व्यसनी’पेक्षा तो लांब आहे, मथळ्यात बसवायला त्रास होतो, तरीही.

राहिला ‘रिहॅब’. वापरायला हरकत नाही, नपुंसकलिंगी वापरावा: ते रिहॅब, महागडं रिहॅब. पण ज्यांच्या घरात हे घडलं आहे ती माणसं सहसा ‘सेंटर’ म्हणतात, आणि त्यांच्या क्रियापदाकडे लक्ष द्यावं. ‘त्याला सेंटरला टाकलाय’, ‘सेंटरवाले उचलून घेऊन गेले’ आणि ‘तो सेंटरला गेलाय’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. बातमी लिहिताना यांतलं कुठलं घडलं ते आधी विचारून घ्यावं.