रांगेत आधी उभा राहिलो, तरी मागे का?

प्रश्न : आमच्या प्रोग्रामला एका कोअरवर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) 64 मिनिटे लागतात. 64 कोअर दिले तर मिनिटभरात व्हायला हवा, पण चार मिनिटांच्या वरच जातो. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक असावं. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशेब करून पाहा. कामाचा 5 टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर ती 3.2 मिनिटे तशीच राहतात. उरलेली 60.8 मिनिटे 64 जणांत वाटली की जेमतेम एक मिनिट. बेरीज 4.15. आणखी हजार कोअर आणलेत तरी 3.2 च्या खाली जाणार नाही. म्हणून आधी प्रोफायलर (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावून ती तीन मिनिटे कुठे जातात ते शोधा. इनपुट फाइल एकच प्रोसेस वाचत असेल, तर तिथून सुरुवात करा.

प्रश्न : आमच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेले संगणक) माझा 16 नोडचा, म्हणजे 16 संगणकांचा, जॉब सकाळपासून रांगेत आहे. दुपारी तीनला आलेला सहकाऱ्याचा 2 नोडचा जॉब मात्र लगेच सुरू झाला. हा अन्याय नाही का?

राग समजतो, पण तुमचं काही गेलेलं नाही. समजा क्लस्टरमध्ये एकूण 16 नोड आहेत आणि 10 नोड संध्याकाळी सहापर्यंत अडकलेत. तुम्हाला सगळे हवेत, म्हणजे सहापर्यंत थांबणं आलंच. तोवर 6 नोड रिकामे. सहकाऱ्याने दोन तास मागितले, पाचला तो बाहेर. याला बॅकफिल म्हणतात. स्लर्मसारखे शेड्युलर, म्हणजे रांगेतले जॉब नोडवर लावणारे प्रोग्राम, हेच करतात.

मात्र हे सगळं जॉब देताना आपण लिहिलेल्या वेळेवर चालतं. तीन तासांच्या कामाला ‘असू दे’ म्हणून चोवीस तास लिहिले, की असल्या फटीत तो जॉब बसतच नाही. ही सवय मला फार खटकते, कारण त्यात स्वतःचा जॉब तर ताटकळतोच, वर नोडही रिकामे पडून राहतात. मागच्या जॉबांना प्रत्यक्ष किती वेळ लागला ते नोंदीत पाहा, त्यावर पाव हिस्सा वाढवा. मुदत संपली की जॉब मारला जातो, तेव्हा चेकपॉइंट ठेवाच, म्हणजे झालेलं काम अधूनमधून साठवा.

प्रश्न : नवा क्लस्टर घेताना लिनपॅकचा आकडा पाहावा का?

पाहा, पण त्यावर भुलू नका. लिनपॅक ही मोठी समीकरणं सोडवायला लावून मशीनचा वेग मोजणारी चाचणी. जपानच्या फुगाकू महासंगणकाचा लिनपॅकवरचा आकडा 442 पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं). मेमरीवर ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीत तोच सुमारे 16. तुमचा स्वतःचा प्रोग्राम विक्रेत्याच्या मशीनवर चालवून घ्या, आणि एकदा नव्हे, निदान पाच वेळा.