जुन्या बसची कॅम्पर केली, आता आरसीवर वजन कोणतं लावायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: १९७३ ची टाटा १२१० बस, आतली बाकं काढून फिरतं घर केलंय, आरसीवर मात्र जुनंच वजन आहे. आरटीओत नवं वजन मागितलंय. एक जण म्हणतो जुन्या वजनात सामानाचं वजन मिळवा, दुसरा म्हणतो वजनकाट्याची पावती लावली की झालं. मी बसबॉडीच्या कामात आहे, अशा गाड्या हाताखालून गेल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

आरसीवर वजनं दोन असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि एक माल-माणसांसकट परवानगी असलेलं, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. पहिलं मोजायचं असतं, दुसरं मोजून मिळत नाही. जीव्हीडब्ल्यू ही चासी, एक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक यांची कंपनीने ठरवलेली मर्यादा आहे. टाटाच्या जुन्या नावांत ती दिसतेही: १२१० मधले १२ म्हणजे साधारण १२ टन, १० म्हणजे १०० हॉर्सपॉवर. आत सागवानी कपाटं बसवली म्हणून हा आकडा वाढत नाही. पाटे वाढवले म्हणूनही नाही, कारण ब्रेक आणि एक्सल तेच राहतात. पाटे वाढवून जीव्हीडब्ल्यू चढवून देतो असं कुणी सांगत असेल, तर कृपा करून त्याच्या नादी लागू नका. घाटात उतरताना ती बस तुमच्या घरच्यांना घेऊन उतरणार आहे.

रिकाम्या वजनाची व्याख्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(४८) मध्ये आहे. गाडीसोबत नेहमी वापरली जाणारी सगळी साधनं धरायची, ड्रायव्हर आणि मदतनीस सोडायचे. पर्यायी भाग असतील, तर सर्वांत जड भाग लावून वजन करायचं. म्हणजे मागचं स्वयंपाकाचं कपाट तुम्ही काढ-घाल करत असाल, तर ते लावूनच काट्यावर जायचं.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. बस प्रवासी वाहत होती तेव्हा माणशी ६५ किलो धरले तरी ५० माणसांचे सव्वातीन टन व्हायचे, पण ते रिकाम्या वजनात नव्हते. आता पलंग, प्लायवूड, टाक्या, बॅटऱ्या हे सगळं पक्कं बसलंय, म्हणून ते रिकाम्या वजनात येतं. त्यामुळे गाडी रस्त्यावर पूर्वीपेक्षा हलकी चालत असली, तरी आरसीवरचं रिकामं वजन वाढू शकतं. त्याने घाबरून जाऊ नका.

बेरजेची पद्धत कामाचा अंदाज घ्यायला चांगली आहे, कागदाला नाही. १८ मिमीची ८ बाय ४ फुटांची प्लायची शीट ३५ किलोच्या आसपास भरते, इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर जाते, हे मिळवता येतं. पण काढून टाकलेल्या बाकांचं, सामानाच्या जाळ्यांचं वजन कुणी करून ठेवलेलं असतं का? शिवाय ५० वर्षांत बॉडीवर किती पत्रा चढला, किती उतरला, याचा हिशोब कुणाकडेच नसतो. म्हणून काटाच.

काटा असा निवडा की ज्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे आणि ज्याचा प्लॅटफॉर्म जमिनीच्या पातळीत आहे. साखर कारखान्यावर किंवा खडी क्रशरवर असे मिळतात. त्याआधी आरटीओच्या निरीक्षकांना विचारून घ्या, काही ठिकाणी ते सांगतील तोच काटा लागतो. डिझेलची टाकी भरलेली, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, स्टेपनी, जॅक आणि पाने जागेवर, भांडी आणि गाद्या बाहेर, ड्रायव्हर खाली उतरलेला. कोणत्या स्थितीत वजन केलं ते अर्जासोबत लिहून द्या.

पूर्ण वजन झालं की तिथेच आणखी दोन वजनं करा: फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग फक्त मागची. समजा पुढे २,८६०, मागे ४,५९० आणि एकत्र ७,४४० आलं. बेरीज ७,४५० होते, पण मोठ्या काट्याचा टप्पाच १० किलोचा असतो, तेवढं चालतं. फरक ५०-६० किलोंचा आला तर गाडी उतारावर उभी होती असं समजा आणि पुन्हा करा. जमल्यास डाव्या बाजूची चाकं वेगळी मोजा. सगळ्या टाक्या आणि कपाटं एकाच अंगाला बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, तिथे एका बाजूचे पाटे नजरेला दिसतील इतके बसलेले असतात.

एक्सलचं वजन मी एवढं का लावून धरतो, ते बघा. समजा व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर, ५ मीटर आणि ३०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे आहे. भरल्यावर मागच्या एक्सलवर ३०० नव्हे, ३९० किलो येतात आणि पुढचा एक्सल ९० किलोंनी हलका होतो. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचे टायर मर्यादेबाहेर जाऊ शकतात. टायरच्या साइडवॉलवर सिंगल आणि ड्युअल असे दोन आकडे असतात, मागच्या जोडचाकांना ड्युअलचा, म्हणजे कमी असलेला आकडा धरायचा. टाकी शक्यतो दोन एक्सलच्या मध्येच घ्या.

आता कागद. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळे वजनाची पावती हा अर्जातला एक कागद आहे, परवानगी नव्हे. मोटार कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. गॅस, वायरिंग, आपत्कालीन दार यांचं काम त्याच्याशी ताडून बघा. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या यादीत बिगर-परिवहन वाहनांत येते, तेव्हा अर्जात वापर स्पष्ट लिहा. हलक्या वाहनाच्या, म्हणजे कारच्या लायसन्सची ७,५०० किलोंची मर्यादाही याच आकड्यांवर लागते. १२ टनांच्या बसला नुसतं कारचं लायसन्स चालेल असं गृहीत धरू नका.

५० वर्षं ओलांडली म्हणून व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ ही नंबरांची मालिका मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही मिळणार. २०२१ चे ते नियम दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहेत, बससाठी नाहीत. त्यातही चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही.

पावतीवर गाडीचा नंबर काटेवाला हाताने टाइप करतो. तिथून निघण्यापूर्वी तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा आणि चासी नंबरचा पेन्सिल छाप त्याच दिवशी घेऊन पावतीला जोडा.