ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाताना

आधी भरतीची वेळ पाहा, मग सुट्टी ठरवा. नवशिके पूर्ण ओहोटीला पोहोचतात; तेव्हा चिखल दूरवर उघडा पडलेला असतो आणि पक्षी गुलाबी ठिपक्यांएवढे दिसतात. भरतीच्या दीड-दोन तास आधी या. पाणी चढतं तसे ते चरत काठाकडे सरकतात. भरतीच्या वेळेचा ढोबळ हिशेब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता भरती. खाडीत आत थोडी उशिराच. उधाणाला चिखल पूर्ण बुडतो, मग थवे उडून पाणथळींवर जाऊन बसतात.

ऐरोलीच्या काठावर सकाळी ऊन पाठीशी राहतं, भांडुपच्या बाजूला दुपारनंतर. ८×४२ दुर्बीण पुरते. चोच गडद, काळपट लाल असेल तर छोटा रोहित. गुलाबी आणि टोकालाच काळी असेल तर मोठा. करडी-तपकिरी पिल्लं वेगळी जात समजू नका.

पक्षी नसतील तर तिवरांच्या (खारफुटीच्या) बुडाशी निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि खेकडे पाहा (मला तर तेच जास्त आवडतात). संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू येते; कोल्ह्यांना खायला मात्र टाकू नका. फोटोसाठी चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो.