आईला काहीच त्रास नाही, तरी मॅमोग्राफी करावी का?

तुमच्या आईचं वय 53, दुखत-खुपत काही नाही, आणि त्या म्हणतात, 'नसतं दुखणं विकत कशाला घ्यायचं?' माझं उत्तर: मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधायचा एक्स-रे, करून घ्या.

माझी जाऊही 'दुखत तर नाही' असंच म्हणायची. आम्ही मूळ निफाडकडचे, द्राक्षबागवाले. डिसेंबरात आंघोळ करताना तिच्या हाताला बोराएवढी गाठ लागली. 'माल निघाला की बघू' म्हणत एप्रिल उजाडला. तोवर काखेतही गाठी झाल्या होत्या. केमो, मग स्तन काढावा लागला, वर रेडिएशन. आज ती बरी आहे, पण गाठ लहान असतानाच गेली असती तर कदाचित एवढं सोसावं लागलं नसतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथेच बायका फसतात.

त्यानंतर मी नाशकात मॅमोग्राफी केली. दोन प्लेटांमध्ये स्तन दाबतात, काही सेकंद चांगलंच दुखतं. मला पुन्हा बोलावलं, सोनोग्राफी केली, निघाली पाण्याची गाठ! मधल्या चार रात्री झोप नव्हती. अशी हूल बऱ्याच जणींना बसते, हे आईला आधीच सांगून ठेवा.

त्या मशीनला घाबरत असतील तर निदान बाई डॉक्टरकडून हाताने तपासून घ्या. (आमच्याकडे खरी अडचण भीतीची कमी, लाजेची जास्त.) ही तपासणी दुय्यम समजू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, पण तुमच्या आई पन्नाशीपुढच्याच आहेत. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी असते, तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा.

मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर किंवा डिओ लावू देऊ नका. त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि तसे ठिपके कधी कधी कॅन्सरची खूण असतात. मी लावून गेले होते, तिथे पुसायला लावलं आणि सगळा फोटो पुन्हा काढला.