रोज बोलतो, तरी एकटं का वाटतं?

लग्नाला 11 वर्षं झालेलं एक जोडपं समुपदेशनाला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची तक्रार एका वाक्याची होती: "दिवसभर बोलत असतो आम्ही, तरी मला घरात एकटं वाटतं." तो गोंधळलेला. "मी तर हिला सगळं सांगतो."

सांगत होता, हे खरंच. बिलं, मुलांच्या वेळा, ऑफिसातल्या कटकटी. तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर संवादाचे तीन प्रकार मानत: समोरच्या माणसाकडे मनापासून वळून केलेला, कामापुरता, आणि संवादाचा वेश घेतलेलं स्वगत. या घरात दुसरा भरपूर होता. भांडण झालं की तिसरा. एक बोलत असताना दुसरा मनात उत्तर जुळवत असे. कामाच्या बोलण्यात काही वाईट नाही, त्यावाचून घर चालत नाही. पण गप्पा वाढवल्या तरी इथे हेच बोलणं वाढतं, म्हणूनच 'गप्पा वाढवा' हा नेहमीचा सल्ला कुचकामी ठरतो.

दोघांना आठवड्यातून 3 दिवस, 20 मिनिटांचा सराव दिला. फोन दुसऱ्या खोलीत. एकानं 3 मिनिटं, एकाच गोष्टीवर, स्वतःला काय वाटतं ते बोलायचं. दुसऱ्यानं मधे तोंड उघडायचं नाही. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून विचारायचं, "हेच म्हणायचं होतं ना?" 'हो' आलं तरच स्वतःचं मत मांडायचं. हा नियम मूळचा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली, आणि बहुतेकांची इथेच अडते. तो तिचे शब्द पोपटासारखे परत म्हणे, नाहीतर लगेच 'पण' जोडे. ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं, ही त्याची भीती. 'तुला असं वाटतं, हे मला कळलं' म्हणताना आपली बाजू सोडावी लागत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

ब्यूबर आणि रॉजर्स 1957 साली मिशिगन विद्यापीठात जाहीर चर्चेला बसले होते. समुपदेशक आणि मदत मागणारा एका पातळीवर नसतात, हा मुद्दा ब्यूबरनी तिथे लावून धरला. तो पटण्यासारखा आहे. म्हणून सराव बैठकीत न घेता घरी ठेवला, कुणी परीक्षक नसताना.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, बाबा गेल्यापासून रविवारची सकाळ नको वाटते. तो थोडं थांबून म्हणाला, "तू अजून त्यांच्या फोनची वाट बघतेस. हेच म्हणायचं होतं ना?" तिनं नुसती मान हलवली. त्या दिवशी स्वतःच्या पाळीची 3 मिनिटं त्यानं घेतलीच नाहीत.